लाकडी पायांची चरबी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निळे प्लॅस्टिकचे टब ओळीने मांडलेले, प्रत्येक टबापुढे एक खुर्ची, आणि प्रत्येक खुर्चीत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेला एकेक शहाणासुरता माणूस. बँकेतले साहेब होते, शाळेतल्या बाई होत्या, आमच्या दुकानासमोरचा घड्याळवाला होता आणि माझा धाकटा भाऊही होता. बाकीचे भिंतीला टेकून आपली पाळी कधी येते याची वाट बघत होते. सगळ्यांचे डोळे पाण्यावर.

पाणी आधी पिवळं झालं. मग नारिंगी. मग गढूळ तपकिरी, आणि त्यावर फेसाची चिकट साय धरली. "अगं बाई," असं कुणीतरी पुटपुटलं.

"घाबरू नका," टबवाला म्हणाला. "ही घाण इतकी वर्षं तुमच्या आत होती, आता बाहेर आली. घाबरायचं कधी? आत असताना की बाहेर आल्यावर?"

लोक त्याला निर्मळ सर म्हणत. माणूस धड बुवा नाही, धड डॉक्टर नाही. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, आवाजात बुवाचा मध आणि हातात मास्तरची छडी. तिन्ही धंद्यांतलं जे फुकट मिळतं ते त्याने उचललं होतं. शिकावं लागतं तेवढं सोडून दिलं होतं.

भिंतीवर रंगांचा तक्ता टांगला होता. त्यावर छडी ठेवत तो म्हणाला, "पिवळं म्हणजे मूत्रपिंड. नारिंगी म्हणजे सांधे. तपकिरी म्हणजे यकृत. आणि हा वरचा फेस." इथे तो थांबला. असं थांबणं त्याला फार छान जमायचं. "हे कोलेस्टेरॉल. ह्याच्यासाठी तुम्हाला जन्मभर गोळ्या गिळायला लावतात. सांगा, गोळीने असं बाहेर पडलेलं कधी पाहिलंत?"

कुणीच पाहिलं नव्हतं. पाहणार कसं?

"गोळी चरबीला आत कुलूप लावते. हे पाणी म्हणजे किल्ली. आता मला सांगा, कुलूप आणि किल्ली एका घरात नांदतील का?"

लोकांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, एका घरात नाही तर काय शेजाऱ्याकडे ठेवायची किल्ली? पण भरल्या सभेत अक्कल दाखवणाऱ्याला पाणी पाजतात, ते मला ठाऊक होतं. गप्प राहिले.

टेबलावर एक मोठी काचेची बरणी होती. पाय पुसून झाले की एकेकाने पुढे यायचं आणि आपली कोलेस्टेरॉलची गोळी तिच्यात सोडायची. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या गोळ्यांनी बरणी निम्मी भरलेली होती. घड्याळवाल्याने सोडल्या. त्याच्या मागोमाग माझ्या भावाने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि एकेक गोळी अंगठ्याने दाबून बरणीत टाकली. टप, टप, टप. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत.

आमचा बूट-चपलांचा कारखाना. कारखाना म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या, चामड्याचा आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास. वडील गेले तेव्हा धाकटा एवढासा होता. मी शाळा सोडली आणि रापी हातात घेतली. चामडं कापायचं ते पातं माझ्या तळहाताला लेखणीपेक्षा आधी ओळखायला लागलं. धाकट्याला मी वाढवलं, शिकवलं, कामाला लावलं. आज त्याच्यासारखा कारागीर ह्या पेठेत नाही. झिजलेला बूट हातात घेतला की तो सांगतो, ह्या माणसाचा डावा गुडघा दुखतो, ही बाई एका बाजूला ओझं उचलते. गिऱ्हाईक चाट पडतं. पाय बघून माणूस वाचायचा, हा त्याचा गर्व.

आणि तिथेच तो फसला. टबवाला म्हणाला, शरीराची सगळी कहाणी पायात उतरते. माझा भाऊ म्हणाला, हे तर मी जन्मभर सांगतोय. आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणसाला तो दुसरा फार विद्वान वाटतो.

धाकट्याला मधुमेह आहे. पन्नाशी जवळ आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी साखरेच्या गोळ्यांबरोबर रोज रात्री एक कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती. स्टॅटिन म्हणतात तिला. ती आता बरणीत गेली होती.

घरी आल्यावर मी विचारलं, "कुणाला विचारून टाकलीस?"

"ताई, कोलेस्टेरॉल माझं नॉर्मल आहे. रिपोर्ट आहे. मग गोळी कशाला? त्यात पोटऱ्या दुखतात. आणि सर सांगत होते, ह्या गोळीने साखर वाढते. साखरेच्या माणसाला साखर वाढवायची गोळी देतात, हा कुठला न्याय?"

"आणि पाण्यात पाय बुडवून चरबी निघते, हा कुठला?"

"डोळ्यांनी बघितलंस ना तू?"

"बघितलं म्हणूनच विचारतेय."

"तू दुसरीत शाळा सोडलीस, ताई. ह्यातलं तुला काय कळणार?"

"तू दहावीला दोनदा बसलास. तुला काय कळलं?"

माझी भावजय स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली. धाकटा ताटावरून उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई तोंडाच्या फटकळ. माझं त्यांच्याशी जमतं ते त्यामुळेच. मी खुर्चीत बसतानाच म्हटलं, "ह्या गोळीने साखर वाढते म्हणतात. खरं का खोटं?"

"थोडी वाढते काही जणांची. खरं आहे."

मला वाटलं होतं, बाई नाही म्हणतील. हो म्हणाल्या तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

"मग देता कशाला?"

"अक्का, चपलेचं आतलं अस्तर खरवडलं गेलं तर काय होतं?"

"मळ धरतं. कितीही पुसा, निघत नाही."

"साखर नसांचं अस्तर खरवडते. वर्षानुवर्षं, हळूहळू, न दुखता. मग बाकीच्यांना चालेल एवढं कोलेस्टेरॉलही मधुमेह्याच्या नसेत चिकटून बसतं. त्या थराला तडा गेला की तिथे रक्ताची गाठ धरते. गाठ हृदयात अडकली तर झटका, मेंदूत अडकली तर लकवा. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या मधुमेह्याला आम्ही बहुधा ही गोळी देतोच, रिपोर्ट चांगला असला तरी. साखर थोडी वाढली तर ती सांभाळता येते. झटका येऊन गेल्यावर काय सांभाळणार?"

"तो म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहे."

बाईंनी पेन टेबलावर आपटलं. "कशाने आला नॉर्मल? गोळी घेत होता म्हणून. छत्री उघडून चालणारा माणूस म्हणतो, मी कुठे भिजतोय, आणि छत्री फेकून देतो. तसं झालं हे."

"गोळी घेतली की झटका येतच नाही?"

"तसं मी म्हणणार नाही. येऊ शकतो. पण शक्यता चांगलीच कमी होते. आणि पोटऱ्या दुखत होत्या तर माझ्याकडे यायचं होतं. गोळी बदलता येते, कमी करता येते. त्याने मला विचारलं नाही, टबाला विचारलं."

मग मी टबाचं सांगितलं. पाण्यात मीठ टाकतात, मध्ये तारेला लावलेला एक लोखंडी डबा बुडवतात, बटण दाबतात.

"लोखंड, मीठ, पाणी आणि वीज," बाई म्हणाल्या. "वर्षात चढणारा गंज अर्ध्या तासात चढतो. पाणी तपकिरी होतं ते गंजाने. बुडबुडे येतात ते विजेने. चामडीतून कोलेस्टेरॉल गळत नाही अक्का, गळत असतं तर आमचं काम कितीतरी सोपं झालं असतं. मला एवढंच सांगा, टबात पाय नसताना त्याने यंत्र कधी चालू करून दाखवलं?"

मी आठवलं. नाही. उलट त्याची सक्त ताकीद होती, पाय आत असल्याशिवाय बटण दाबायचं नाही, यंत्र जळतं.

हे सगळं मी घरी येऊन भावाला सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर आपला धंदा सोडून दुसऱ्याचं कौतुक करेल का?" आता ह्यावर काय बोलायचं. भिंतीला डोकं आपटलं तर भिंत तरी हलते.

पुढे काही महिने तो दर रविवारी टबात बसत राहिला. घड्याळवाला त्याच्या शेजारी. दोघं जोडीने जायचे, जोडीने यायचे, एकमेकांच्या पाण्याचा रंग सांगायचे. लहान मुलं गोट्या दाखवतात तसे.

मग एका सकाळी घड्याळवाला त्याच्या काउंटरमागे खाली सरकला. मीच रस्ता ओलांडून धावले. त्याच्या डोळ्याला अजून ते घड्याळाचं भिंग लावलेलं होतं, तोंड एका बाजूला ओघळलं होतं, आणि चिमटा उचलायला गेलेला उजवा हात नुसताच टेबलावर पडला होता. "ताई, हात... हात..." एवढंच म्हणत होता, तेही बोबडं. ज्या हाताने केसाएवढे स्क्रू फिरवले, तो हात.

जीव वाचला. हात गेला.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, गोळी सोडल्यामुळे झालं ना? त्या म्हणाल्या, "शपथेवर नाही सांगणार मी. गोळी घेऊनही झालं असतं कदाचित. पण त्याने चिलखत काढून ठेवलं होतं, एवढं नक्की."

आणि टबवाला काय म्हणाला? पुढच्या रविवारी भरल्या सभागृहात म्हणाला, "आमचा एक साधक आजारी आहे. वाईट वाटतं. पण तो आमच्याकडे उशिरा आला. तीस वर्षांची घाण इतक्यात कशी निघणार? तुम्ही उशीर करू नका."

माझ्या भावाने काय करावं? आठवड्यातून दोनदा टबात बसायला लागला. भीतीने माणूस पळतो खरा, पण खड्ड्याकडेच पळतो.

त्या रात्री मी मागच्या खोलीत उभी होते. फळीवर फर्मे ओळीने ठेवलेले. फर्मा म्हणजे लाकडी पाऊल, त्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. टाच, घोटा, बोटांचा उतार, सगळं हुबेहूब. मी एक जोडी खाली काढली. भावाने स्वतःच्या हाताने घासलेली, स्वतःच्याच मापाची. भावजय दारात येऊन उभी राहिली.

"काय करताय, वन्सं?"

"पेशंट शोधतेय."

नणंद-भावजयीचं आमचं कधी पटलं नाही. ती मीठ जास्त टाकते, मी तोंड जास्त टाकते. पण मी काय करणार ते सांगितल्यावर तिने एक प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाली, "लाकूड तरंगेल."

खरंच की. मग फर्म्याच्या माथ्यावर जे भोक असतं त्यात आम्ही काठीचे दोन तुकडे घट्ट ठोकले. वरून दाबून धरता येतील असे. नडग्याच जणू. काठ्या आखूड कापल्या आणि सगळं पिशवीत घातलं.

रविवारी मी भावजयीला घेऊन गेले आणि भिंतीकडेची खुर्ची धरली, भावाच्या शेजारची. तो खूष झाला. "आलीस शेवटी," म्हणाला. त्याचे पाय आधीच पाण्यात होते. मदतनीस बाईने माझ्या टबात पाणी ओतलं, मीठ टाकलं, लोखंडी डबा सोडला. मी मांडीपासून जमिनीपर्यंत शाल पसरली.

"म्हाताऱ्या बाईला चारचौघांत पाय उघडे टाकायची लाज वाटते," मी म्हटलं. "तुम्ही जरा वळा."

ती वळली. भावजय माझ्यापुढे पिशवी घेऊन आडवी उभी राहिली. शालीखाली मी माझे पाय खुर्चीच्या मागे ओढून घेतले, फर्मे पाण्यात सोडले आणि काठ्या दाबून बसले. बटण दाबलं गेलं.

अर्ध्या तासाने निर्मळ सर छडी घेऊन आले. शालीची कड त्यांनी जराशी बाजूला केली, पाणी बघितलं आणि चुकचुकले.

"माई, किती सोसलंत तुम्ही."

मी काही त्याची माई नव्हे. तरी म्हटलं, "काय दिसतंय?"

"यकृत थकलंय. गुडघ्यांत जुना आमवात. आणि हा फेस बघा. लोकहो, जवळ या. हे भाऊ, ह्या बहीण. दोघांचं पाणी बघा. रंगात काही फरक आहे? रक्त एक, घाण एक. पाणी घराणं सांगतं."

लोक भोवती जमले. शाळेतल्या बाई सगळ्यांत पुढे.

"गोळी सोडलीत ना, माई?"

"ह्यांनी कधी घेतलीच नाही," मी म्हटलं, आणि शाल बाजूला करून दोन्ही काठ्या उचलल्या. तपकिरी पाणी गळत असलेली दोन लाकडी पावलं मी त्याच्या नाकासमोर धरली. "ह्यांचा आमवात कुठे आहे, तेवढं दाखवा."

मग कुठूनतरी एक हसू फुटलं, दाबलेलं, आणि भिंतीभिंतीने पसरत गेलं.

टबवाला हसला नाही, पण बावचळलाही नाही. त्याच्या निर्लज्जपणाला मात्र दाद दिली पाहिजे. "लाकूडसुद्धा एकेकाळी सजीव होतं," तो म्हणाला. "झाडातही विषं साचतात. यंत्राने तीच ओढली."

"लाकडाला यकृत कुठे असतं, सर?" शाळेतल्या बाईंनी विचारलं. मुलाला फळ्यापाशी उभं करून विचारतात त्या आवाजात. "आपण असं करू. कुणाचेच पाय नकोत. नुसतं पाणी, मीठ आणि यंत्र."

"यंत्र जळेल."

"जळू दे," मी म्हटलं.

मदतनीस बाईने सरांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि काय मनात आलं कोण जाणे, तिनेच मधल्या टबात स्वच्छ पाणी भरलं. बाकीचं मी केलं. बटण दाबलं आणि आम्ही सगळे त्या रिकाम्या टबाभोवती उभे राहिलो.

पाणी पिवळं झालं. कुणाचंच मूत्रपिंड. नारिंगी झालं. कुणाचेच सांधे. मग तपकिरी झालं, आणि वर फेस धरला.

मी बटण बंद केलं, तार काढली आणि लोखंडी डबा पाण्यातून वर उचलला. आतल्या पट्ट्या उंदराने कुरतडाव्यात तशा खाल्लेल्या. बोट फिरवलं तर तीच तपकिरी घाण. "ही बघा तुमची चरबी," मी म्हटलं. "मीठ आणि वीज मिळाली की लोखंड असं गंजतं. पाणी गंजाचं. फेस बुडबुड्यांचा. तुमचे पाय होते ते फक्त साक्षीला."

"जिथे श्रद्धा नाही तिथे यंत्र चालत नाही," टबवाला म्हणाला.

"चालतंय की. मस्त चालतंय. घोळ तोच तर आहे."

मग मी भावाकडे वळले. तो अजून टबात पाय घालूनच बसला होता. फर्मा मी त्याच्या मांडीवर ठेवला. "हा तू घासलायस. तुझंच माप आहे. ह्याला काळीज नाही, म्हणून ह्याला झटका येणार नाही. तुला येईल. समोरच्याचा हात बघून आलास ना?"

त्याने फर्मा बाजूला ठेवला. ओल्या पायांनी उठला, टेबलापाशी गेला आणि बरणीत हात घातला. कोपरापर्यंत. मूठभर गोळ्या बाहेर काढून बघत राहिला. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. अख्ख्या पेठेच्या गोळ्या एकात एक मिसळलेल्या.

"ताई, ह्यातल्या माझ्या कुठल्या?"

माझा सगळा राग एकदम उसळला. टबवाल्यावरचा, टाळ्या वाजवणाऱ्यांवरचा, ह्याच्यावरचाही. मी त्याच्या मुठीवर चापट मारली. "त्यातली एकही तोंडात घालायची नाही. पायात चपला घाल. दवाखान्यात चल."

डॉक्टरीणबाईंनी त्याला आधी झोडपला, मग तपासला. रक्त बघितलं, गोळी बदलली, कमी ताकदीने सुरू केली. आता पोटऱ्या फारशा दुखत नाहीत. बाई म्हणाल्या, काही पोटऱ्या गोळीने दुखतात, काही दिवसभर मांडी घालून शिवत बसल्याने. साखर किंचित वर गेली होती, तीही आवरली.

टबवाला त्याच आठवड्यात गायब झाला. टब घेऊन गेला म्हणजे दुसरीकडे कुठेतरी पाणी रंगतंय. पेठेतल्या काही जणांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या मते मी एक चांगली सोय बंद केली. माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवतात. फिरवा. तोंड फिरवता येतंय तोवर फिरवून घ्या. समोरच्याचं तोंड अजून सरळ होत नाही.

वाचणाऱ्या बाईमाणसांनो, बाप्यांनो, मी शिकलेली नाही, तेव्हा सरळ सांगते. घरात साखरेचा माणूस असेल आणि चाळिशी उलटली असेल, तर डॉक्टरला तोंड उघडून विचारा, कोलेस्टेरॉलची गोळी हवी का? रिपोर्ट चांगला आहे म्हणून गोळी सोडू नका. तो चांगला कशाने आला ते आधी विचारा. गोळी सोसत नसेल तर तेही डॉक्टरलाच सांगा. त्यांनी वेळ दिला नाही तर भांडा, मी भांडते. आणि कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी एकच मागणी करा. म्हणावं, मला बाजूला बसव आणि माझ्याशिवाय करून दाखव.

तो फर्मा आमच्या दुकानात पुढच्या काचेत ठेवलाय. तपकिरी डाग तसाच आहे, घासू दिला नाही मी. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? माझा भाऊ बुटावरून मान वर न करता सांगतो, "त्याला कोलेस्टेरॉल होतं. पाण्यात बसवून काढलं." गिऱ्हाईक हसतं. मग भाऊ मान वर करतो आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवतो. तिथे घड्याळवाला डाव्या हाताने चिमटा धरायला शिकतोय. स्क्रू निसटतो, तो शोधतो, पुन्हा धरतो.

तेव्हा गिऱ्हाईक हसायचं थांबतं.